लाल रंगाची परवानगी

१९६२ साली जपानमध्ये खासगी गाडीला लाल रंग देता येत नसे. लाल रंग अग्निशामक बंबासाठी राखलेला, पांढरा रुग्णवाहिकेसाठी. त्याच वर्षी मोटरसायकली बनवणाऱ्या एका कंपनीने आपली पहिलीवहिली मोटरगाडी तयार केली, छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची. मालकाला ती लालच हवी होती. कंपनीची माणसं वाहतूक मंत्रालयाचे उंबरे झिजवत राहिली. मालकाने वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात जाहीर प्रश्न विचारला की रंगांवर सरकारची मालकी असलेला दुसरा पुढारलेला देश दाखवा. शेवटी परवानगी मिळाली.

या मालकाचं नाव सोइचिरो होंडा.

रंगाची लढाई तशी किरकोळच होती. खरी लढाई वेगळी होती. या माणसाने गाडी बनवावी की नाही, हेच सरकार ठरवायला निघालं होतं. होंडाच्या गाड्यांचा इतिहास मॉडेलांच्या यादीसारखा कुठेही वाचायला मिळतो, पण त्यातली सरकारची भूमिका फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं विस्ताराने लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १९०६, हमामात्सुजवळच्या एका खेड्यात. वडील लोहार, नंतर सायकली दुरुस्त करायचे. शाळा जेमतेम. १९२२ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, पोरगा टोकियोत एका गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, मग पिस्टन रिंगा बनवायचा कारखाना, ज्याचं मोठं गिऱ्हाईक टोयोटा. युद्धात बॉम्ब पडले, १९४५ च्या भूकंपात उरलंसुरलं मोडलं, तेव्हा तो कारखाना टोयोटालाच विकून टाकला. १९४६ मध्ये लष्कराने टाकून दिलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा नावाचा माणूस भागीदारीला आला, आणि पैसा, विक्री, कर्ज, सगळं त्याने अंगावर घेतलं. सोइचिरोने आपला सहीचा शिक्कासुद्धा त्याच्याकडे देऊन टाकला होता म्हणतात. १९५८ ची सुपर कब, मग आयल ऑफ मॅनच्या शर्यती. १९६१ पर्यंत मोटरसायकलीत होंडाचं नाव जगभर झालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने, ज्याला तिकडे मिटी म्हणत, एक योजना पुढे आणली. मोटर कंपन्यांचे तीन गट करायचे. एक गट मोठ्या प्रमाणावर साध्या गाड्या बनवेल, दुसरा खास गाड्या, तिसरा छोट्या गाड्या. नवीन कुणी या धंद्यात येऊ नये, आणि आहेत त्यांनी शक्यतो एकमेकांत विलीन व्हावं. त्यासाठी कायद्याचा मसुदाही झाला.

मिटीचे अधिकारी मूर्ख नव्हते, हे सांगायला हवं. आयात खुली करायला जपानवर बाहेरून दबाव होता. उद्या जनरल मोटर्स आणि फोर्ड दारात उभे राहिले तर आपल्या डझनभर बारक्या कंपन्या कशा टिकणार, ही त्यांची भीती. त्या काळात आपल्या दिल्लीतल्या बाबूंनीही असाच विचार केला होता, आणि आपल्याकडे तो अंमलातही आला. कोणी काय बनवायचं, किती बनवायचं, सगळं लायसन्सवर. त्याचा परिणाम म्हणून १९६४ च्या सुमाराची कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढे पद्मिनी नावाने, जवळपास त्याच रूपात २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत राहिली. ती गाडी माझीही लाडकी आहे, पण मुद्दा वेगळा आहे.

सोइचिरो या योजनेवर भडकला. मंत्रालयातल्या बड्या अधिकाऱ्याशी त्याची जोरदार खडाजंगी झाली. त्याने नंतर स्वतःच सांगितलंय की त्याचं म्हणणं साधं होतं. आम्हाला गाड्या बनवायचा हक्क आहे, आणि विलीन व्हा असं सांगायचं असेल तर आमचे शेअर विकत घ्या आणि भागधारक म्हणून येऊन सांगा.

पण नुसता आरडाओरडा करून भागणार नव्हतं. कायदा झाला त्या दिवशी आपण गाडी बनवणारे असायलाच हवं, नाहीतर दार बंद. म्हणून जानेवारी १९६२ मध्ये माणसं कामाला जुंपली आणि जूनमध्ये सुझुका इथे, शर्यतीच्या ट्रॅकचं काम अजून सुरू असताना, विक्रेत्यांच्या मेळाव्यात दोन गाड्या उभ्या केल्या. एक स्पोर्ट्स ३६० आणि दुसरा टी ३६० हा छोटा मालवाहू. स्पोर्ट्स गाडी सोइचिरो स्वतः चालवत घेऊन आला.

बाजारात आधी आला तो ट्रक, ऑगस्ट १९६३ मध्ये. आपल्याकडच्या छोटा हत्तीच्या जातकुळीतला म्हणा. पण इंजिन बघा. ३५४ सीसी, चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, ८,५०० आरपीएमला ३० हॉर्सपॉवर. कोबी-बटाटे वाहणाऱ्या टेम्पोत शर्यतीच्या मोटरसायकलीचं काळीज! दोन महिन्यांनी एस ५०० आली, ५३१ सीसीची, मागची चाकं चेनवर फिरणारी. शेवटी मोटरसायकलवाल्यांचंच डोकं ते. या गाडीची किंमत किती असेल ते ओळखा अशी स्पर्धा कंपनीने वर्तमानपत्रांतून लावली, आणि पन्नास लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं पाठवली. किंमत निघाली ४ लाख ५९ हजार येन. मला यात कंपनीची हुशारी दिसते. पन्नास लाख लोक ज्या गाडीच्या किमतीवर पैज लावून बसलेत, ती गाडी बनवू नका असं सांगणं कुठल्याही मंत्रालयाला जड जाणार.

तो कायदा संसदेत मांडला गेला, अडकला, परत मांडला गेला, आणि १९६४ पर्यंत बारगळला. होंडामुळेच बारगळला असं म्हणणं फाजील होईल. बँका आणि मोठे उद्योगही त्याच्यावर खूश नव्हते. पण तोवर होंडा गाडीवाली झाली होती.

१९६७ मध्ये आलेली एन ३६० ही होंडाची पहिली खरी लोकांची गाडी. इंजिन पुढे, आडवं बसवलेलं, ओढही पुढच्या चाकांना. त्यामुळे एवढ्याशा गाडीत चार माणसांना पाय ठेवायला जागा. ३१ हॉर्सपॉवर, किंमत ३ लाख १३ हजार येन, म्हणजे स्पर्धकांपेक्षा स्वस्त आणि जोरात. बघता बघता छोट्या गाड्यांत पहिला नंबर.

आणि मग दणका बसला. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी गाड्यांमधल्या दोषांवर रान उठवलं होतं, त्याची लाट जपानमध्ये आली. वाहनधारकांच्या एका संघटनेने आरोप केला की एन ३६० वेगात डगमगते आणि त्यामुळे माणसं मेली. १९७० मध्ये सोइचिरो होंडाविरुद्ध थेट मनुष्यवधाची तक्रार दाखल झाली. सरकारी वकिलांनी पुढे खटला भरला नाही, आणि त्या संघटनेच्याच म्होरक्यांना कंपन्यांकडून खंडणी उकळल्याच्या आरोपाखाली अटक झाली. पण दरम्यान एन ३६० ची विक्री कोसळली ती कोसळलीच. बातमीदार म्हणून मला हे प्रकरण दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं वाटतं. आरोप करणारे धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण गाडी किती सुरक्षित आहे हे कंपनीला जाहीरपणे विचारायची सवय जपानी ग्राहकाला त्याच काळात लागली, तीही खरी.

त्याच वेळी कंपनीच्या आत दुसरं भांडण पेटलं होतं, आणि ते सोइचिरोच्या हट्टामुळे. त्याचं म्हणणं असं: पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातलं पाणी शेवटी रेडिएटरमध्ये हवेनेच थंड करता ना? मग मधलं पाणी कशाला? थेट हवेनेच इंजिन थंड करा. ऐकायला बिनतोड. मोटरसायकलीला चालतंही. पण गाडी मोठी झाली की गणित बदलतं.

या हट्टापायी दोन गोष्टी घडल्या. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनसाठी एअर कूल्ड गाडी बनवली गेली. होंडाचा मुख्य ड्रायव्हर जॉन सर्टीस याने ती चालवायला नकार दिला. मग ७ जुलैला फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत जो श्लेसर या फ्रेंच ड्रायव्हरला ती दिली गेली. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी बांधावर आदळली आणि पेटली. मॅग्नेशियमचा सांगाडा, आग आटोक्यात येईना. श्लेसर जागीच गेला. त्या वर्षाअखेर होंडा फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. अपघाताला फक्त इंजिनाचा प्रकार कारण होता असं कुणी म्हणू शकत नाही. पण अजून तयार नसलेली गाडी रेटून मैदानात आणली गेली, एवढं दिसतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे १९६९ ची होंडा १३००. १३०० सीसीला शंभर हॉर्सपॉवर, कागदावर जबरदस्त. पण एअर कूल्ड इंजिनाचा आवाज आणि उष्णता आवरायला दुहेरी भिंतींची अशी गुंतागुंत करावी लागली की इंजिन पाण्याच्या इंजिनापेक्षा जड आणि महाग झालं. गाडी चालली नाही.

तरुण इंजिनिअर वैतागले होते. त्यांच्यातला तादाशी कुमे कंटाळून महिनाभर कामावरच आला नाही असं सांगतात. (हाच कुमे १९८३ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला.) मालकाला सांगणार कोण? ते काम फुजिसावाने केलं. त्याने सोइचिरोला एवढंच विचारलं की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून, काय ते एकदा ठरवा. सोइचिरो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, अध्यक्ष म्हणून. म्हणजे पाण्याचं इंजिन चालेल ना? चालेल. विषय संपला.

हे भांडण त्याच वेळी मिटलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण आता तिसरा खेळाडू मैदानात येत होता: धूर.

१८ जुलै १९७० ला टोकियोच्या सुगिनामी भागात एका शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या चाळीसहून अधिक मुली डोळे चुरचुरून, घसा आवळून आजारी पडल्या. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून होणारं विषारी धुकं, त्याची जपानमधली ही पहिली मोठी नोंद. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत सिनेटर एडमंड मस्की यांच्या पुढाकाराने स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, नायट्रोजन ऑक्साइड १९७६ पर्यंत. डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी एका सुरात सांगितलं, अशक्य. कारखाने बंद पडतील, बेकारी येईल. आमच्या भागातल्या एमआयडीसीत प्रदूषणाचा नवा नियम आला की उद्योजकांच्या पत्रकार परिषदेत जे ऐकायला मिळतं, शब्दशः तेच. ही ओळ टाइप करताना मला हसू येतंय.

होंडाकडे साठच्या दशकाच्या मध्यापासून या विषयावर काम करणारा एक छोटा गट होता. त्यांनी शोधलेलं तंत्र म्हणजे सीव्हीसीसी. तत्त्व समजायला अवघड नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं पातळ मिश्रण जाळलं तर धूर कमी होतो, पण असं मिश्रण ठिणगीने नीट पेटत नाही. म्हणून मुख्य कप्प्याच्या शेजारी एक छोटा कप्पा केला, त्याला वेगळा छोटा व्हॉल्व दिला, आणि त्यात घट्ट मिश्रण सोडलं. ठिणगी तिथे पाडायची. तिथली ज्योत भोकातून मुख्य कप्प्यात शिरते आणि तिथलं पातळ मिश्रण सावकाश, पूर्ण जळतं. बंबात आधी कागद-काटक्या पेटवायच्या आणि मग मोठं लाकूड धरायचं, तसं. धुराच्या नळीत महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायची गरज नाही, आणि साधं पेट्रोल चालतं.

डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अ‍ॅन आर्बरमधल्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. १९७५ ची मर्यादा होंडाच्या इंजिनाने पहिल्यांदा पार केली. जनरल मोटर्सच्या प्रमुखांनी त्यावर हे मोटरसायकलीच्या खेळण्यातल्या इंजिनाला जमेल, आमच्या मोठ्या इंजिनांना नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं अशी कथा आहे. सोइचिरोने काय करावं? १९७३ ची शेव्हरोले इम्पाला विकत घेतली, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर सीव्हीसीसी बसवलं, आणि गाडी विमानाने परत अ‍ॅन आर्बरला धाडली. पास झाली. टोयोटा, फोर्ड, क्रायसलर आणि इसुझू यांनी या तंत्राचे परवाने घेतले. ज्या टोयोटाला हा माणूस एकेकाळी पिस्टन रिंगा विकायचा, तिनेसुद्धा.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. होंडाची कथा सांगताना सरकार म्हणजे खलनायक आणि उद्योजक म्हणजे नायक अशी मांडणी करायची फॅशन आहे. मिटीपुरती ती बरोबर. पण सीव्हीसीसी कुठून आलं? एका कडक सरकारी कायद्यातून. तो कायदा नसता तर तो छोटा कप्पा काढायला कुणी पैसे घातले नसते. आणि गंमत म्हणजे डेट्रॉइटला १९७३ मध्ये मुदत वाढवूनही मिळाली. जमतं हे सिद्ध झाल्यावर मुदत वाढली! आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, मधलं बीएस-५ गाळून. त्याआधी कंपन्यांनी केलेल्या कुरबुरी आठवा, आणि त्या तारखेनंतर रस्त्यावर आलेल्या गाड्या बघा.

या यशातच सोइचिरोची निवृत्ती दडलेली होती. सुरुवातीला तो सांगत सुटला की आता आपण अमेरिकी कंपन्यांच्या बरोबरीने एकाच रेषेवर उभे आहोत, हीच संधी. तरुण इंजिनिअरांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, आम्ही हे कंपनीच्या फायद्यासाठी करत नाही, पोराबाळांच्या हवेसाठी करतोय. त्याने हे मनाला लावून घेतलं. आपला विचार जुना झाला हे त्याला कळलं, असं त्याने पुढे कबूल केलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो आणि फुजिसावा दोघेही एकदम पायउतार झाले. खुर्चीवर बसला ४५ वर्षांचा कियोशी कावाशिमा. दोघांनीही आपली मुलं कंपनीत घ्यायची नाहीत असं आधीच ठरवलेलं होतं. ज्यांच्या तालुक्यात साखर कारखाना, सूतगिरणी किंवा शिक्षण संस्था आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचलं तरी चालेल.

ज्या गाडीने कंपनी वाचवली ती सिव्हिक. जुलै १९७२ मध्ये आली, ११६९ सीसी, पाण्याचं इंजिन, ना लांब शेपूट, ना क्रोम. आखूड, चौकोनी, आतून मोकळी. माणसाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला कमीत कमी, हा एन ३६० चाच धडा. वर्षभरात तेलसंकट आलं. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ही छोटी गाडी सरकारच्याच मायलेजच्या यादीत सगळ्यात वर. १९७५ च्या मॉडेलपासून सीव्हीसीसी सिव्हिक तिकडे विकायला गेली. छोट्या ३६० सीसीच्या मोटरगाड्या होंडाने १९७४ मध्ये बंदच केल्या, आणि त्या वर्गात परत यायला १९८५ उजाडलं.

पुढचं झरझर. १९७६ मध्ये अकॉर्ड. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांचीच निर्यात करायचं मान्य केलं. होंडाचा ओहायोतल्या मेरीसव्हिलचा मोटरसायकल कारखाना तेव्हा चालू होता. त्याच्या शेजारीच नोव्हेंबर १९८२ मध्ये अकॉर्ड बाहेर पडू लागली, अमेरिकेत बनलेली जपानी कंपनीची पहिली मोटरगाडी. १९८९ मध्ये अकॉर्ड अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी गाडी ठरली. १९८६ मध्ये अ‍ॅक्युरा हा महागड्या गाड्यांचा वेगळा ब्रँड, १९८९ मध्ये व्हीटेक इंजिन, १९९० मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची एनएसएक्स, जिच्या जडणघडणीत आयर्टन सेनाचा सल्ला होता.

५ ऑगस्ट १९९१ ला सोइचिरो गेला. कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, लोकांची वाहतूक अडेल, गाड्या बनवणाऱ्याला ते शोभणार नाही, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

आपल्याकडे होंडा हे नाव आधी दुचाकीवरून आलं. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकबरोबरची कायनेटिक होंडा, बिनगियरची, बटणावर सुरू होणारी. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या किती बायका या स्कूटरमुळे गाडी चालवायला शिकल्या याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. मोटरगाडीसाठी १९९५ मध्ये होंडा सिएल ही कंपनी झाली, ग्रेटर नोएडात कारखाना, आणि १९९८ च्या सुरुवातीला होंडा सिटी. तालुक्याच्या गावात सिटी आली की डॉक्टर किंवा बिल्डर, तिसरा अंदाज नाही. पण डिझेल स्वस्त असलेल्या देशात होंडा वर्षानुवर्षं फक्त पेट्रोल विकत बसली. पहिली डिझेल गाडी, अमेझ, आली २०१३ मध्ये, आणि तोवर बाजार मारुती आणि ह्युंदाईने वाटून घेतला होता. २०२० मध्ये ग्रेटर नोएडातलं उत्पादन थांबलं. आता गाड्या राजस्थानातल्या तापुकारात बनतात. इथे मला कंपनीबद्दल सहानुभूती वाटत नाही. जुना हट्ट वेगळ्या रूपात, एवढंच.

जपानमध्ये मात्र २०११ मध्ये आलेली एन-बॉक्स, नावातला एन जुन्या एन ३६० ची आठवण देणारा, वर्षानुवर्षं खपात वरच्या नंबरावर राहिली आहे.

आणि मिटीचं काय झालं? विलीनीकरणाच्या त्यांच्या स्वप्नातलं एक मोठं लग्न लागलं होतं, १९६६ मध्ये, निसान आणि प्रिन्स यांचं. त्याच निसानशी एकत्र येण्यासाठी होंडाने डिसेंबर २०२४ मध्ये बोलणी सुरू केली, कारण आता भीती जनरल मोटर्सची नसून चीनच्या विजेवरच्या गाड्यांची आहे. मतभेद झाले ते कुणी कुणाच्या हाताखाली राहायचं यावर. १३ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही कंपन्यांनी बोलणी संपल्याचं जाहीर केलं.